तांबूची खाज

तांबू गावठी होती. अंग तांबूस, छातीवर पांढरा पट्टा, एक कान ताठ आणि दुसरा अर्ध्यात मोडलेला. धमतरीला जाणारी छोटी लाइन रायपूरच्या तेलीबांध्यात अजून चालू होती, तेव्हाचा तिचा जन्म, रुळांकडेच्या झुडपातला. बाबांनी तिला शर्टात गुंडाळून घरी आणलं आणि आजीनं वाटीत दूध ओतलं. तेव्हापासून दूधपोळी हेच तिचं जेवण. आमचं जुनं घर तात्यापाऱ्यातलं, सोवळ्याओवळ्याचं. तेलीबांध्याला आल्यावर सोवळं सैल झालं, पण घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. कुत्रीही तशीच वाढली.

दूधवाल्याची घंटी गल्लीच्या तोंडाशी वाजली की ती फाटकापाशी जाऊन बसायची. आजी जपाला बसली की तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून डोळे मिटायची. भुंकणं जवळजवळ नाहीच. अनोळखी माणूस आला तर नुसती उभी राहायची, आणि तेवढं पुरे व्हायचं.

दोन वर्षांची झाली आणि खाज सुरू झाली. आधी पुढचे पंजे चाटणं. मग काखा, पोट, कान, आणि शेपटीच्या बुडाशी तर स्वतःलाच कुरतडणं. सतत चाटून पंजांवरचे पांढरे केस विटकरी झाले, कानांना आंबूस वास येऊ लागला. रात्री तिच्या पायाची फरशीवर होणारी टकटक अख्ख्या घराला ऐकू यायची. "पोरगी रात्रभर खाजवून राहिली, डोळ्याला डोळा नाही तिच्या," आजी सकाळी चहाच्या आधी हेच सांगायची. भांडी घासायला येणारी दाई बघून म्हणाली, "ए कुकुर ला खजरी होगे हे."

मग उपाय सुरू झाले. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, करंजाचं तेल, हळद. कुणी गाडीचं जळकं ऑइल फासायला सांगितलं, कुणी फिनाइलच्या पाण्यानं धुवायला. हे दोन्ही विष आहे. कुत्रं अंग चाटतं आणि ते सगळं पोटात जातं. बाबांनी दोन्हीला साफ नकार दिला. मग इंजेक्शन. ते दिलं की दुसऱ्याच दिवशी तांबू शांत झोपायची. आठपंधरा दिवस बरे जायचे आणि खाज पुन्हा हजर. ते इंजेक्शन स्टेरॉइडचं होतं. खाज तात्पुरती थांबवायला ते औषध चांगलं आहे, पण त्यानं कारण कळत नाही, आणि वरचेवर घेतलं तर इतर अवयवांना त्रास होतो. तांबू बादलीभर पाणी पिऊ लागली, रात्री अंगणात जायला दार खरवडू लागली, तेव्हा आईनं दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं ठरवलं.

हे डॉक्टर तरुण होते, दुर्गजवळच्या अंजोऱ्याच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. त्यांनी सुईला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. खाज कोणत्या वयात सुरू झाली? पावसाळ्यात वाढते की बारा महिने सारखी? अंगावर नेमकी कुठं? घरात माणसांना खाज आहे का? हा शेवटचा प्रश्न लुतेसाठी होता, कारण कुत्र्याची लूत माणसालाही थोडी खाजवते. त्यांनी तिच्या कानाची कड दोन बोटांत चोळून पाहिली. लूत असली की मागचा पाय बहुधा आपोआप खाजवू लागतो. तांबूचा हलला नाही. तरी कातडी खरवडून काचेवर घेतली, आणि किडे खरवडीत सापडतीलच असं नसतं म्हणून त्यांच्यावरचं औषधही दिलं.

मग त्यांनी एक बारीक फणी घेतली आणि शेपटीच्या बुडाशी केसांतून ओढली. फणीत मातीसारखे काळे कण आले. ते ओल्या कापसावर टाकले आणि कापूस आमच्यासमोर धरला. प्रत्येक कणाभोवती हळूहळू तांबडं वर्तुळ पसरत गेलं. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे तांबूचंच पचलेलं रक्त. आम्हाला अंगावर एकही पिसू कधी दिसली नव्हती. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला एखाददुसरा चावाही पुरतो, कारण त्रास पिसवेच्या लाळेचा असतो. शिवाय कुत्र्याच्या अंगावर असतात त्या थोड्या. अंडी, अळ्या आणि कोश मिळून सुमारे पंच्याण्णव टक्के पिसवा घरातच असतात, फटीत, चादरीत, कपाटामागं. कोश महिनोन्महिने वाट पाहतो आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब लागली की फुटतो. म्हणून एकदा औषध लावून भागत नाही. आम्ही दर महिन्याला औषध चालू ठेवलं, तिची गोधडी गरम पाण्यात धुऊन रायपूरच्या उन्हात टाकत राहिलो, घरातलं प्रत्येक कपाट हलवलं. शेपटीकडचा भाग भरला, केस आले. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

पण पंजे, काखा आणि कान तसेच राहिले. एकाच कुत्र्याला एकाच वेळी दोन कारणं असू शकतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. एक दूर झालं की दुसरं उघडं पडतं. कानात आणि बोटांच्या बेचक्यात यीस्ट वाढलं होतं. त्यावर औषध दिल्यावर वास गेला, खाज उतरली, पण थांबली नाही. माझा संशय गाजर गवतावर होता. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे गवत इथं रुळांच्या कडेनं माजलं होतं, आणि ते माणसाच्या कातडीला काय करतं हे मी पाहिलं होतं. तांबूला तिकडून नेणं बंद केलं, फक्त तेलीबांधा तलावाच्या फरसबंद वाटेनं, जिला इथं मरीन ड्राइव्ह म्हणतात. काही फरक पडला नाही.

उरलं अन्न. मी विचारलं, रक्ताची तपासणी करून कळणार नाही का? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अन्नाच्या ॲलर्जीसाठी त्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. एकच खात्रीचा मार्ग: जे तिनं आयुष्यात खाल्लं नाही तेवढंच आठ आठवडे द्यायचं. अन्नाचीच ॲलर्जी असेल तर दहांतल्या नऊ कुत्र्यांना तेवढ्यात फरक पडतो. शाकाहारी घरातल्या कुत्रीनं काय खाल्लं नव्हतं? मासे. रोहू आणि रताळी ठरली.

आजीनं अंगणात वेगळी शेगडी मांडली. रोहूला बारीक दुहेरी काटे फार. ते कुत्रीच्या घशात अडकतील म्हणून आजी उकडलेला मासा परातीत घेऊन, चष्मा लावून, प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपून काटे वेगळे करायची. ऐंशीच्या घरातली बाई, जन्मात माशाला हात न लावलेली. मग अंघोळ, मग देवपूजा. तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. "तिचं दुखणं जायला पाहिजे," एवढंच म्हणायची.

अवघड भाग घराबाहेर होता. तलावावर फिरणारे, चहाच्या टपरीवरचे, वॉचमन, सगळे तिला बिस्किट घालायचे. आईनं पट्ट्याला कापड शिवलं आणि त्यावर हिंदीत लिहिलं, "मुझे कुछ न खिलाएँ." पिसवांची मांसाच्या चवीची गोळीही डॉक्टरांनी बदलून मानेवर लावायचं औषध दिलं. सहाव्या आठवड्याच्या सुमारास पंजांवर, कातडीलगत, पांढरे केस दिसू लागले.

खरी परीक्षा पुढची होती, आणि पुष्कळ लोक ती टाळतात. जुना पदार्थ एकेक करून परत द्यायचा आणि दोन आठवड्यांपर्यंत वाट पाहायची. आधी दूध दिलं. तिसऱ्या दिवशी तांबू पंजे चाटत बसली. दूध बंद, चाटणं बंद. मग नुसती पोळी दिली. काही झालं नाही. दूधच होतं. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी. दूध पचत नाही म्हणून पोट बिघडतं ते वेगळं. कुत्र्यांच्या अन्नाच्या ॲलर्जीत गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू हेच वारंवार सापडतात, असं 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला एक आढावा सांगतो.

सगळ्यांना असं उत्तर मिळत नाही. धूळकिड्यांची, परागांची ॲलर्जी असलेली कुत्री कितीतरी आहेत. त्यांचं कारण घरातून काढून टाकता येत नाही, आयुष्यभर सांभाळावं लागतं. पण तेही कळतं ते पिसवा, लूत आणि अन्न एकेक करून बाजूला केल्यावरच. तुमचं कुत्रं खाजवत असेल तर डॉक्टरांना खाज थांबवा म्हणण्याबरोबरच कारण शोधा म्हणून सांगा, आणि त्यासाठी लागणारा वेळ द्या.

तांबू पुढं वरणाच्या पाण्यात कुस्करलेली पोळी आणि अधूनमधून रोहू खाऊन जगली. दूधवाला आला की फाटकाशी जायचीच. 2024 च्या उन्हाळ्यात, तेराव्या वर्षी, म्हातारपणानं गेली. तेलीबांध्याच्या तलावावर आजही संध्याकाळी लोक हातात बिस्किटांचा पुडा घेऊन फिरतात. त्यांचं प्रेम खरं आहे. फक्त पट्टा घातलेल्या कुत्र्यापुढं बिस्किट धरण्याआधी त्याच्या माणसाला एकदा विचारा.