आधी कोण चढणार?

दिल्ली विमानतळाच्या टर्मिनल तीनवर गेटसमोर जी रांग लागते, तिला कोणी बोलावलेले नसते. काचेपलीकडे धुके, धुक्यात एरोब्रिजचे रिकामे तोंड, विमानाचा पत्ता नाही, काउंटरवर कंपनीचा एकही माणूस नाही. तरी कोणी एकजण उठतो, बॅगेचा दांडा खटकन वर ओढतो आणि पट्टीच्या खांबांपाशी जाऊन उभा राहतो. त्याच्या मागे दुसरा. मग बसलेल्यांची चुळबुळ सुरू होते. पेपर घडी होतात, चार्जर निघतात, 'चला, लागली वाटतं' असे म्हणत कुटुंबेच्या कुटुंबे उठतात. सगळ्यात पुढे उभ्या असलेल्याला विचारावे, 'बोर्डिंग सुरू झालं का?' तर तो मागे वळून रांगेकडे बघतो आणि म्हणतो, 'लगता तो है.'

जानेवारीतली पुण्याच्या सकाळच्या विमानाची रांग मला विशेष आवडते. तिच्यात जुन्या राजेंद्रनगरात यूपीएससीचा अभ्यास करणारी लातूर-नांदेडकडची पोरे असतात, रात्रभर जागल्यासारख्या डोळ्यांची. शास्त्री भवनातली बैठक उरकून निघालेले साहेब असतात, रजेवर चाललेला जवान असतो, करोलबागेतून लग्नाचा बस्ता बांधून परतणारे मामा-मामी असतात. गजक-रेवडीचे डबे जवळपास सगळ्यांकडे. आणि प्रत्येकाच्या पासवर त्याची जागा छापलेली असते. बावीस बी म्हणजे बावीस बी. ती जागा पळून जाणार नाही, तिच्यावर दुसरा कोणी बसलाच तर त्याला उठावे लागेल. एवढे लेखी वचन हातात असताना ही माणसे अर्धा अर्धा तास कशासाठी उभी राहतात?

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर मनातल्या मनात थोडेसे ठाऊक असते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली, आणि त्यानंतर केव्हातरी, तारीख कुठेही नोंदलेली नाही अशा एका दिवशी, कोणीतरी खिडकीतून पहिला रुमाल आत टाकला असणार. पुढच्या दोन-तीन पिढ्यांचा प्रवास त्या रुमालावर झाला. फलाटावर बस वळायच्या आत बाहेरून खिडकी गाठायची, रुमाल, टोपी, वर्तमानपत्र, नाहीतर दप्तर सीटवर फेकायचे, आणि मग निवांतपणे दारातल्या रेटारेटीत सामील व्हायचे. काही बाप धाकट्या पोरालाच उचलून खिडकीतून आत सोडत. ते पोर तीन जणांच्या बाकावर आडवे पडून जागा राखी. यात नवल चलाखीचे नव्हते. नवल हे की आत आधी शिरलेला धडधाकट माणूस त्या फडक्यापुढे थबकायचा. 'रुमाल कोणाचाय?' एवढे विचारायचा आणि पुढच्या बाकाकडे सरकायचा. कायद्यात कुठेही नसलेला हा हक्क लोकांनी पाळला. त्याच बसमध्ये आमदारांसाठी म्हणून राखीव लिहिलेली जागाही असे. तिच्यावर मी कोंबडीची पाटी पाहिली आहे, नवरा-नवरी पाहिली आहेत, आमदार तेवढा कधी पाहिला नाही.

रुमालाचे गुणगान करताना एक गोष्ट मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. त्या राज्यात ज्याला धावता येई त्यालाच जागा मिळे. काठी टेकत येणारी आजी, पोटुशी बाई, कडेवर एक आणि बोटाला एक घेऊन आलेली आई, हे सगळे कोणाच्या तरी दयेवर उभे असत. खुली जागा म्हणजे सगळ्यांना सारखी संधी, हे ऐकायला छान वाटते. पण गुडघे सगळ्यांचे सारखे नसतात.

आकाशातही हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन २००३ मध्ये उडू लागली, तेव्हा तिच्यात जागेचा आकडा नसे. पास दाखवा, विमानात शिरा, मिळेल तिथे बसा. तिकिटे स्वस्त, माणसे बऱ्याच अंशी पहिल्यांदाच उडणारी, आणि बसचे दार उघडले की शिडीपर्यंत धाव. तेव्हाच्या जुन्या प्रवाशांनी या धावपळीची फार टिंगल केली. मला त्या टिंगलीत थोडा आकसच दिसतो. ज्यांना जन्मभर धावल्याशिवाय जागा मिळाली नाही, त्यांनी विमानतळावर अचानक चालायला कसे शिकावे? अमेरिकेत साउथवेस्ट या कंपनीने तर हीच पद्धत पन्नासहून अधिक वर्षे चालवली. आसनाला आकडा नाही, चढण्याच्या क्रमाला आकडा. ए गटातले आधी, मग बी, मग सी, आणि प्रत्येकाने आपल्या आकड्याच्या खांबापाशी उभे राहायचे. त्यातही २००९ पासून थोडे डॉलर जास्त मोजले की पुढचा क्रमांक मिळू लागला, म्हणजे खुल्या जागेलाही मागल्या दाराने दर लागलाच. शेवटी २७ जानेवारी २०२६ पासून त्यांनीही आसनांना आकडे दिले.

तेव्हा आकडा ही दयाळू गोष्ट आहे, असे माझे मत आहे. पण आकड्याने भीती गेली नाही. ती डोक्यावरच्या कप्प्यात जाऊन बसली. सात किलोची एक बॅग हा नियम. प्रत्यक्षात बॅग, लॅपटॉपची सॅक, गजकाचे दोन डबे आणि दिल्लीच्या थंडीसाठी अंगावर चढवलेला, पुण्यात नकोसा होणारा जाडजूड कोट. आसने जेवढी तेवढी माणसे, हे गणित कंपनी चोख ठेवते. कप्प्यांचे गणित तिने कधीच ठेवलेले नाही. उशिरा चढणाऱ्याची बॅग सहा रांगा मागे जाते, आणि उतरताना तो प्रवाहाविरुद्ध पोहत राहतो. गेटवर उभा असलेला माणूस बावीस बी साठी उभा नाही. बावीस बी च्या वरच्या दीड हात पोकळीसाठी उभा आहे. याला मी तरी वेडेपणा म्हणणार नाही.

तरी एवढ्याने दिल्लीची रांग पुरती उलगडत नाही. पुण्याला किंवा नागपूरला कप्पे काही मोठे नसतात, पण दिल्लीत आधी कोण हा प्रश्न जरा जास्त जोरात विचारला जातो. शहराला ती सवयच आहे. राष्ट्रपतींच्या सचिवालयाने २६ जुलै १९७९ रोजी काढलेला एक तक्ता आजही सुधारणांसह लागू आहे. समारंभात कोण कोणाच्या आधी, याच्या त्यात २६ पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर राष्ट्रपती, दुसरीवर उपराष्ट्रपती, तिसरीवर पंतप्रधान, आणि खासदार एकविसाव्या पायरीवर. हा क्रम केवळ समारंभापुरता, रोजच्या कारभाराशी त्याचा संबंध नाही, असेही त्यात म्हटले आहे. ते वाचताना दिल्लीत राहणारा कोणीही हसेल. इथे रोजचा दिवसच समारंभ असतो.

त्याही आधी याच शहराच्या उत्तरेला, बुराडीजवळच्या माळावर, १२ डिसेंबर १९११ रोजी दरबार भरला होता. संस्थानिकांची प्रतवारी तोफांच्या सलामीवर होई: बडोद्याला २१, कोल्हापूरला १९, सावंतवाडीला ९. पंचम जॉर्जपुढे एकेकाने जायचे, ठरल्याप्रमाणे लवायचे आणि पाठ न दाखवता मागे मागे यायचे. निजामानंतर बडोद्याचे सयाजीराव गेले. त्यांनी एकदाच मान लववली आणि सरळ पाठ वळवून चालू लागले. विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी केवढा गहजब केला! पुढे त्यांना खुलासाही द्यावा लागला. मुद्दाम केले की गडबडीत झाले, यावर अजून वाद घालता येतो. मला मात्र दिल्लीतल्या कुठल्याही रांगेत त्यांची आठवण येते, कारण इतक्या मोठ्या शिस्तशीर क्रमाची मजा एका माणसाच्या पाठीने घालवली.

आता तोफा नाहीत, झोन आहेत. आधी व्हीलचेअर, मग तान्ही बाळे, मग ज्यांनी पुढच्या जागांचे पैसे मोजले ते, मग वारंवार उडणारे निष्ठावंत, मग झोन एक, दोन, तीन. यूपीएससीवाल्यांपैकी एकाने मला विचारले, 'सर, झोन थ्री म्हणजे कधी?' त्याचा मित्रच म्हणाला, 'म्हणजे प्रिलिमला बसलाय तसं समज. सगळ्यांचं झाल्यावर.' तेवढ्यात झोन एकची हाक होते आणि झोन तीनमधले एक गृहस्थ तरातरा पुढे जातात. गेटवरची मुलगी नम्रपणे थांबवते. ते पास पुन्हा नीट बघतात, जणू आता तिथे वेगळे काही छापलेले असेल. 'मॅडम, क्या फरक पड़ता है?' हे वाक्य दिल्लीत नेहमी तोच म्हणतो ज्याला फार फरक पडत असतो.

या सगळ्याचे शास्त्रही आहे. जेसन स्टेफन नावाच्या अमेरिकी खगोलभौतिकशास्त्रज्ञाने ग्रहताऱ्यांमधून सवड काढून २००८ मध्ये विमानात चढण्याचा उत्तम क्रम गणिताने काढला. मागच्या रांगांना आधी चढवा, हा सगळ्यांना पटणारा उपाय प्रत्यक्षात अगदी संथ निघतो. कारण शेजारच्या रांगांतले सगळे एकाच वेळी एकाच जागी बॅगा वर चढवतात आणि बाकीचे बोळात खोळंबतात. त्याऐवजी खिडकीवाले आधी, तेही एकाआड एक रांगेतले, मागून पुढे. मग मधले, मग बोळाकडचे. पुढे विमानाच्या नकली सांगाड्यात ७२ माणसांना प्रत्यक्ष चढवून पाहिले, तर गटागटाने चढायला लागला त्याच्या निम्म्याच्या आसपास वेळ पुरला. आणखी गंमत म्हणजे कुठलाच क्रम न लावता आले तसे चढलेले लोकही गटवाल्यांना मागे टाकून गेले. म्हणजे झोनांचा हा डोलारा वेळ वाचवतो असे समजायचे कारण नाही. त्याचे काम दुसरेच आहे. पुढे जाण्याची वस्तू विकायची, तर मागे कोणीतरी उभे दिसायला हवे.

स्टेफनसाहेबांची पद्धत आपल्याकडे मात्र पहिल्याच कुटुंबापाशी मोडेल. सांगलीच्या माझ्या आत्याला मी ती समजावून सांगितली. खिडकीत नात, मध्ये तू, बाहेर काका, तर नातीने एकटीने आधी चढायचे. आत्या म्हणाली, 'आणि ती रडली तर तो शास्त्रज्ञ घेणार काय कडेवर?'

कुटुंबाचे तुकडे करण्याचे काम एरवी संगणक करतोच. पैसे न भरता जागा घेतली की आई नऊवर, लेक सत्तावीसवर. मग विमानात चढल्यावर विनवण्या चालतात: 'भैया, प्लीज, एक्सचेंज कर लेंगे?' आणि खिडकीसाठी जास्तीचे पैसे भरलेला भैया मधल्या जागेकडे असा बघतो की त्यालाही दोष देता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितले की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई किंवा वडिलांपैकी एकाच्या शेजारी जागा द्या. चांगले झाले. पण जे एसटीतला कोणीही तिऱ्हाईत 'बसा हो इकडं' म्हणत करायचा, त्यासाठी परिपत्रक काढावे लागले.

झोनांच्या या व्यवस्थेवर सूड उगवते ती बस. विमान दूर उभे असले की गेटवरून आधी बसमध्ये चढावे लागते. आधी चढण्याचे पैसे भरलेले मानाने आधी जातात, बसच्या पोटात अगदी आत, दांड्याला धरून. मागून झोन तीन येतो आणि दारापाशी कोंबला जातो. बस विमानापाशी थांबते, दार उघडते, आणि झोन तीन सगळ्यात आधी शिडीवर. आतले साहेब काचेतून बघत राहतात. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे असते, ते बघायला मी आनंदाने झोन तीनमध्ये उभा राहतो.

उतरण्याला झोन नाहीत. पुढच्या आसनांच्या चढ्या दरात उतरण्याची घाई निम्मी धरलेली असते, हे खरे; आणि इंडिगोने २०२२ मध्ये तीन ठिकाणांहून उतरायची सोय सुरू करताना वेळ वाचवणे हेच कारण दिले होते. तरी बोळात कोणी क्रम पुकारत नाही, आणि बहुतेक वेळा पुढची रांग गेल्यावर मागची जाते. बायका आधी सोडल्या जातात, म्हाताऱ्यांच्या बॅगा कोणीतरी काढून देतो. एवढी शहाणी माणसे अडीच तासांपूर्वी कुठे होती कोण जाणे.

अर्थात शहाणपण येते ते दार उघडल्यावर. त्याआधी लोहगावला चाके टेकतात, पट्ट्यांचा दिवा विझतो आणि टक्कन सगळे विमान उभे राहते, कप्प्यांखाली माना वाकड्या करून. माझ्या शेजारचे लातूरचे काका असेच उभे होते, खांद्यावर शबनम, हातात रेवडीचा डबा.

'काका, शिडी लागायचीय अजून. बसा की.'

'माहितंय,' काका म्हणाले. 'दोन तास बसूनच होतो की.'