विणकरांची लाइन

वॉल्थमस्टोहून लिव्हरपूल स्ट्रीटला मी ज्या गाडीनं कामाला जाते, तिला २०२४च्या नोव्हेंबरपर्यंत स्वतःचं नाव नव्हतं. लंडन ओव्हरग्राउंडच्या सहाही मार्गांना मिळून नकाशावर एकच नारिंगी रंग होता, आणि तो शहरभर असा पसरलेला होता की कुठली रेघ कुठून निघून कुठे जाते, याचा नवख्या माणसाला पत्ता लागत नसे. मग या सहा मार्गांना सहा रंग आणि सहा नावं मिळाली. लायनेस, माइल्डमे, विंडरश, वीव्हर, सफ्रजेट, लिबर्टी. आमची वीव्हर, म्हणजे विणकरांची लाइन. रंग मरून. नकाशावर ती अशी एकाशेजारी एक दोन बारीक रेघांनी काढलेली असते, म्हणजे भुयारी रेल्वेच्या जाड रेघेशी तिची गल्लत होत नाही.

हा नकाशा मुळात १९३३ सालचा. हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समननं विजेच्या सर्किटच्या आकृतीसारखा तो काढला. खरी अंतरं, खरी वळणं सगळी बाजूला ठेवली आणि फक्त आडव्या, उभ्या आणि तिरक्या रेघा घेतल्या. स्टेशनांच्या पाट्यांवरचं अक्षर त्याच्याही आधीचं, एडवर्ड जॉन्स्टननं १९१६ साली दिलेलं. थोडेफार बदल होऊन आजही तेच वापरात आहे. लंडनमधल्या ज्या गोष्टींवर माझा जीव आहे, त्यांत हे अक्षर फार वर आहे. बाहेरून आलेल्या, भाषा नीट न येणाऱ्या माणसाशीही ते स्पष्ट आणि आदरानं बोलतं. इथे आले त्या दिवसांत पाट्यांच्या भरवशावरच मी फिरले, कुणाला काही विचारावं लागलं नाही.

नवीन नावांवर ६३ लाख पौंड खर्च होणार असं महापौर सादिक खान यांनी २०२४च्या फेब्रुवारीत जाहीर केलं, तेव्हा टीकेचा भडिमार झाला. गाड्या वेळेवर सोडा, नावांचं नंतर बघा, असा सूर होता. मला तो खर्च तेव्हाही पटला होता आणि आताही पटतो. एक तर गाड्या विस्कळीत झाल्या की आता नेमका कुठला मार्ग बंद आहे ते कळतं. दुसरं, या शहरानं याआधी व्हिक्टोरिया, ज्युबिली, एलिझाबेथ अशी राजघराण्याची आठवण ठेवणारी नावं रुळांना दिली होती. या खेपेला मताधिकारासाठी झगडलेल्या बायकांचं नाव दिलं. १९४८च्या जूनमध्ये टिलबरी बंदरात कॅरिबियन माणसं घेऊन आलेल्या जहाजाचं दिलं. एड्सच्या रुग्णांजवळ कुणी उभं राहत नव्हतं त्या काळात त्यांना जवळ करणाऱ्या शोरडिचच्या छोट्या रुग्णालयाचं दिलं. इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाचं दिलं, ज्यानं २०२२ साली वेम्बलीत जर्मनीला हरवून युरोपचं अजिंक्यपद मिळवलं आणि २०२५ साली बाझलमध्ये स्पेनला हरवून ते राखलं. वेम्बलीवरून जाणाऱ्या गाडीत संघाचे टी-शर्ट घातलेल्या शाळकरी मुली दिसतात, तेव्हा हे नाव नुसतं पाटीवर राहिलेलं नाही याची खात्री पटते. डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०२५च्या नोव्हेंबरात आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक उचलला, त्या रात्रीपासून नवी मुंबईच्या रुळांकडेही मी याच नजरेनं बघते आहे.

आम्हा सोलापूरकरांना गाडीच्या नावाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. पुण्याला जायचं तर "हुतात्मानं निघतो" असं आम्ही म्हणतो. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. त्या चौघांची ही गाडी. शाळेत धडा विसरलेला पोरगाही स्टेशनवर हे नाव उच्चारतो. त्यामुळे माझ्या रोजच्या गाडीला विणकरांचं नाव जाहीर झालं, तेव्हा हे विणकर म्हणजे नेमके कोण, हे खोलात जाऊन बघणं मला भागच होतं. शिवाय मी मागांच्या आवाजात वाढलेली. बाबा पूर्व भागातल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहायचे. तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आलेली पद्मशाली कुटुंबं आमच्या शेजारी. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी. चादरीनं सोलापूरचं नाव देशभर नेलं, आणि ती चादर विणली बाहेरून आलेल्या हातांनी.

स्पिटलफील्ड्सची कथा तशीच सुरू होते. १६८५ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं प्रोटेस्टंटांना असलेलं धर्मपालनाचं संरक्षण काढून घेतलं आणि ह्यूगेनॉ विणकर जीव वाचवून लंडनच्या पूर्वेला आले. फूर्निए स्ट्रीट, प्रिन्सलेट स्ट्रीट इथली त्यांच्या काळातली घरं अजून उभी आहेत. वर मान करून पाहिलं तर माळ्यावर लांबच लांब खिडक्या दिसतात. मागावर उजेड पडावा म्हणून त्या ठेवलेल्या. प्रिन्सलेट स्ट्रीटवर ॲना मरिया गार्थवेट राहायची. एका पाद्र्याची मुलगी, पण अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या रेशमी कापडाची सगळ्यात मोठी डिझायनर. तिची जलरंगातली नक्षीचित्रं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत (जिथून २०२४च्या जुलैत वाघनखं साताऱ्याला आली, तेच म्युझियम). त्या चित्रांवर तिनं नक्षी विकत घेणाऱ्या विणकरांची आणि व्यापाऱ्यांची नावं लिहून ठेवली आहेत. फुलाच्या पाकळीइतकंच तिला ते महत्त्वाचं वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे.

पण हे विणकर नुसते सोशीक कारागीर नव्हते. ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानातून छिटाचं कापड आणू लागली. रंग टिकाऊ, धुतलं तरी उतरत नाही, आणि रेशमापेक्षा कितीतरी स्वस्त. लंडनच्या बायकांनी ते डोक्यावर घेतलं. १७१९ साली भुकेनं आणि संतापानं पेटलेले विणकर रस्त्यावर उतरले आणि छिटाचे झगे घातलेल्या बायकांच्या अंगावर शाई, आम्ल फेकू लागले, कपडे फाडू लागले. १७२१च्या कायद्यानं बहुतेक छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी आली. आंध्र-गुजरातच्या किनाऱ्यावरच्या छिपी-रंगाऱ्यांच्या पोटावर त्या कायद्यानं पाय आणला. मला दोन्हीकडचे हात दिसतात. बायकांवरचा तो हल्ला मी कधीच माफ करणार नाही, पण मागाला काम नसलं की घरात काय होतं ते सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुणालाही विचारावं. तिथे माग बंद पडले की आधी दूध बंद होतं, मग मुलांची शाळा.

मग मजुरीचा झगडा. १७६०च्या दशकात मालक दर पाडत गेले. विणकर रात्री टोळ्यांनी निघून कमी दरानं काम करणाऱ्या मागांवरचं रेशीम कापून टाकू लागले. सरकारनं त्यासाठी फाशीची शिक्षा ठेवली. जॉन डॉयल आणि जॉन व्हॅलीन या दोघांना दोषी ठरवलं गेलं. एकाचं आडनाव आयरिश, दुसऱ्याचं फ्रेंच. लंडनमध्ये फाशी टायबर्नला द्यायची पद्धत होती. या दोघांना मुद्दाम विणकरांच्या वस्तीत, बेथनल ग्रीनला आणलं. ६ डिसेंबर १७६९, सॅमन अँड बॉल या पबसमोर. लोकांनी नंतर तो फाशीचा सांगाडा उपटला, ज्या बड्या मालकानं खटला लावून धरला होता त्याच्या घरापुढे नेऊन उभा केला आणि घराच्या खिडक्या फोडल्या. चारच वर्षांनी, १७७३ साली, पार्लमेंटला स्पिटलफील्ड्सच्या विणकरांची मजुरी न्यायाधीशांकडून ठरवून देणारा कायदा करावा लागला. पन्नास वर्षं तो टिकला.

सॅमन अँड बॉल अजून चालू आहे. बेथनल ग्रीनच्या भुयारी स्टेशनाच्या तोंडाशी. मी त्याच्यासमोर अनेकदा उभी राहिले आहे. वीव्हर लाइनचं बेथनल ग्रीन स्टेशन तिथून चालत दहाएक मिनिटांवर. डॉयल आणि व्हॅलीन लाइनच्या नावात आहेत, पण नावानिशी नाहीत, आणि ही उणीव मला बोचते.

विणकर गेले, हात बदलले, धंदा तोच राहिला. ब्रिक लेन आणि फूर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची इमारत १७४३ साली ह्यूगेनॉंचं चर्च म्हणून उभी राहिली, पुढे मेथडिस्टांकडे गेली, १८९८ साली सिनेगॉग झाली आणि १९७६ साली मशीद. फ्रेंच विणकर, ज्यू शिंपी, सिल्हेटहून आलेले बंगाली कपडा-कामगार, सगळ्यांनी आळीपाळीनं तिथे प्रार्थना केली. त्यांच्यातलाच अल्ताब अली हा पंचविशीतला कामगार ४ मे १९७८च्या संध्याकाळी काम संपवून घरी निघाला असता व्हाइटचॅपलला वंशद्वेषातून मारला गेला. दहा दिवसांनी हजारो लोक त्याच्या शवपेटीमागून डाउनिंग स्ट्रीटच्या दिशेनं चालत गेले. तो पडला त्या जागेजवळच्या बागेला १९९८ साली त्याचं नाव दिलं गेलं. व्हाइटचॅपल स्टेशनवर आता बंगाली लिपीतही पाटी आहे.

हे सगळं वाचत असताना, म्हणजे नावं जाहीर झाली पण पाट्या अजून बदललेल्या नव्हत्या त्या काळात, २०२४चा ऑगस्ट आला. जुलैच्या अखेरीस साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींची हत्या झाली होती, मारेकरी कोण याबद्दल खोट्या बातम्या पसरल्या होत्या आणि इंग्लंडच्या गावागावांत मशिदींवर, आश्रयाला आलेल्यांच्या हॉटेलांवर हल्ले सुरू झाले. ७ ऑगस्टला कुठे कुठे जमायचं याची एक यादी फिरली, तिच्यात वॉल्थमस्टोचं नाव होतं. दुपारपासून हो स्ट्रीटवर दुकानांना प्लायवूड ठोकलं जात होतं. आमच्या कोपऱ्यावरच्या तुर्की न्हाव्यानं काच झाकली आणि मला म्हणाला, "ताई, आज लवकर घरी जा." त्यानं मला ताई म्हणायला मीच शिकवलं होतं. मी घरी गेले नाही. संध्याकाळी हल्लेखोर आलेच नाहीत. आले ते हजारो शेजारी. हिजाबातल्या मुली, म्हातारे ट्रेड युनियनवाले, बाबागाड्या ढकलणारी जोडपी, चर्चमधल्या बायका. रस्ता इकडून तिकडे भरून गेला. परदेशात राहताना आपण इथले की नाही, हा प्रश्न सतत सोबत असतो. त्या संध्याकाळी तो मला पडला नाही.

नोव्हेंबरात पाट्या बदलल्या. पुढच्या उन्हाळ्यात बाबा आले. लिव्हरपूल स्ट्रीटला उतरून आम्ही सेंट्रल लाइन पकडली, तर ते बसेचनात. वाकून सीटच्या कापडावर अंगठा फिरवत राहिले. निळ्या रंगावर लंडन आय, बिग बेन, टॉवर ब्रिज, सेंट पॉल्सचा घुमट असे आकार कोनाकोनात मोडून बसवलेले. वॉलेस सीवेल या दोन डिझायनर बायकांच्या स्टुडिओचं हे काम, २०१०च्या सुमाराचं. १९३०च्या दशकात चांगल्या कलाकारांकडून सीटचं कापड करून घेणाऱ्या ख्रिश्चन बारमनच्या नावानं ते ओळखलं जातं. बाबांना हे काही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "छापलेलं न्हाई हे. विणलंय. जेकॉर्ड आहे बघ. लोकर आहे, आणि कुठं लव कापलीय, कुठं फास तसाच ठेवलाय, म्हणून आकार वर आलाय." मग शेजारच्या बाईंचं लक्ष गेलं तसे ते सरळ झाले आणि मराठीतच त्यांना म्हणाले, "लई भारी काम आहे." बाई हसल्या. त्यांनीही सीटवरून हात फिरवून बघितला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बेथनल ग्रीनला नेलं. डॉयल आणि व्हॅलीनची हकिगत सांगितली. बाबा बराच वेळ पबकडे बघत होते, मग त्यांनी विचारलं, मजुरी किती कापली होती? कुठला दर, किती वाराला? हिशेबनीस माणूस. पुढे ब्रिक लेनवरून चालत आम्ही अल्ताब अलीच्या बागेत गेलो आणि बाकावर बसून डबा खाल्ला. तिथेच आमचं ठरलं की बेथनल ग्रीनच्या फलाटावर डॉयल आणि व्हॅलीन ही नावं, तारीख आणि कारण लिहिलेली पाटी लावावी, असं पत्र ट्रान्सपोर्ट फॉर लंडनला पाठवायचं. मसुदा मी केला आहे. हुतात्मा एक्सप्रेसचा परिच्छेद त्यात आहे, चौघांच्या नावांसह. बाबांनी फोनवर ऐकून एक दुरुस्ती सुचवली: अल्ताब अलीचं नावही पाटीवर मागायचं, बाग असली तरी. "तो लाइनवरचाच माणूस की," ते म्हणाले. शेजारच्या तुर्की न्हाव्यासह आमच्या गल्लीतल्या लोकांच्या सह्या घेणं चालू आहे, आणि महिनाअखेर पत्र जाईल.