मिडलवर

फेब्रुवारी 2024. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर शाळांचे प्राधान्यक्रम लॉक करायचे होते आणि घरात लाइन गेलेली. मी अंगणात बाजेवर मोबाइल घेऊन बसलो होतो. वर्षभरापूर्वी दिलेल्या 200 गुणांच्या अभियोग्यता चाचणीत बरे गुण पडले होते. टीईटीचा दुसरा पेपर निघालेला, बी.एड. झालेलं. म्हणजे गणिताला सहावी ते आठवी चालत होतं, नववी-दहावीही चालत होतं. वर कोणतं ठेवायचं, एवढंच ठरायचं होतं.

बाबांचं कधीच ठरलं होतं. "दहावीचा मास्तर म्हणलं का मान हाये, बाप्पा. सहावीच्या पोट्ट्याइले शिकवाले यवढा शिकला का?"

पैशाचं म्हणाल तर शिक्षणसेवकाच्या तीन वर्षांत सहावी-आठवीला महिन्याला 16 हजार, नववी-दहावीला 18 हजार. दोन हजारांत मोटारसायकलचा हप्ता निघतो. हे मी मोजलं नव्हतं असं सांगितलं तर ते खोटं होईल.

पण तिवशात चार वर्षं मी शिकवणी घेत होतो. भाड्याची एकच खोली. सकाळी सातला सहावी-सातवी, संध्याकाळी दहावी. कुऱ्हा, मोझरीकडची पोरं शाळा सुटली की थांबायची आणि शेवटच्या एसटीकडे डोळे लावून गणितं सोडवायची. दहावीला शिकवणं मला आवडायचं. फळा भरून लिहिता येतं, निकालाच्या दिवशी पेढे येतात, चौकात कुणीतरी 'सर' म्हणून गाडी थांबवतं. मला त्याची सवय लागली होती.

एका संध्याकाळी दोन चलांतील रेषीय समीकरणं चालली होती. शेवटच्या रांगेतल्या पोराने रीत अगदी बिनचूक मांडली आणि उत्तर चुकवलं. मी मागे मागे गेलो. एक छेद दोन अधिक एक छेद तीन, त्याने लिहिलं होतं दोन छेद पाच. वरची वर, खालची खाली. रागावणार होतो, पण सहज बाकीच्यांना तेच गणित घातलं. चौदापैकी नऊ जणांचं उत्तर दोन छेद पाच. ही पोरं चार महिन्यांनी बोर्डाला बसणार होती. मी त्यांच्याकडून रीत पाठ करून घेतली. दुसरं काही करायला वेळच नव्हता. त्यातली बरीचशी पासही झाली, आणि पेढेही आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहावीच्या वर्गात मी संत्रं घेऊन गेलो. आमच्याकडे संत्र्याची काय कमी. सोललं, दहा फोडी निघाल्या, म्हटलं एक फोड म्हणजे एक छेद दहा. पुढच्या बाकावरची एक पोरगी, नाकात बोलणारी, उठून म्हणाली, "सर, पण ह्या फोडी सारख्या कुठी हायेत? हे तं बारकी हाये."

मी गप्प. बी.एड.ला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. अपूर्णांकाचं सगळं मर्म 'सारखे भाग' या दोन शब्दांत असतं, आणि तेच मी विसरून आलो होतो. मग कागद घेतला, घड्या घातल्या, पुन्हा पहिल्यापासून. तास कधी संपला कळलं नाही. दहावीच्या पोरांनी मला चार वर्षांत असं एकदाही अडवलं नव्हतं. त्यांना 'हे परीक्षेत येते का' एवढंच विचारायचं असायचं. त्यात त्यांची चूक नाही.

लाइन आली. मी सहावी-आठवीच्या शाळा वर ओढल्या, नववी-दहावीच्या खाली, आणि लॉक केलं. बाबा दारातून पाहत होते.

"कायचं भरलं?"

"सहावी ते आठवी."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आजोबा जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या काळातले; चौथीनंतर मिडल, मग हायस्कूल, असं तेव्हा होतं. त्यांची शाळा मिडलला थांबली, तरी गावातली पत्रं तेच वाचून दाखवायचे.

"म्हंजे मिडलच," बाबा म्हणाले आणि आत वळले. मग आतूनच आवाज आला, "तुह्या आजाबी मिडलच होता."