यार्ड १२६५१

माझगाव डॉकमध्ये जहाज आधी नंबरानं ओळखलं जातं, नावानं मागाहून. ‘नीलगिरी’ हे नाव इथल्या दोन जहाजांना मिळालं. पहिली १९७२ साली नौदलात गेली आणि यथावकाश निवृत्त झाली. दुसरी १५ जानेवारी २०२५ला ‘सुरत’ आणि ‘वाघशीर’सोबत दाखल झाली. नौदलाला नाव पुढं चालवायचं असतं, आजोबांचं नातवाला ठेवावं तसं. गोदीला ते परवडत नाही. तिच्या लेखी ही दुसरी म्हणजे यार्ड १२६५१.

तिथून दारूखान्याकडे गेलं की गोष्ट उलटी. तोडायला आलेल्या व्यापारी जहाजानं हयातीत मालक, झेंडा, नाव सगळं बदललेलं असू शकतं. आयएमओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, सात आकडी क्रमांक मात्र तोच. ठरावीक आकाराच्या वरच्या जहाजांना तो १९९६पासून सक्तीचा आहे. सातवा आकडा पडताळणीचा. पहिल्या सहांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २नं गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा तोच सातवा. ९०७४७२९ घ्या : बेरीज १३९, म्हणून ९. लिहिताना एखादा आकडा चुकला तर बहुतेकदा तिथंच सापडतो.

गोदीशी माझा नोकरीचा संबंध नाही. मी माझगावात बसून सेकंड लाइफसाठी स्क्रिप्ट लिहितो. लिंडेन लॅबनं २००३मध्ये उघडलेलं हे आभासी जग. त्यातली घरं, दारं, बोटी तिथं वावरणाऱ्यांनीच बनवलेल्या, आणि त्या हलतात त्या एलएसएल भाषेतल्या स्क्रिप्टमुळे. तिथं प्रत्येक अवताराला, वस्तूला, चित्राला एक की असते : हायफन धरून ३६ अक्षरांची, वाचायला रटाळ, पाठ करायला अशक्य. मला ती आवडते. ती माणसाबद्दल काहीही सांगत नाही, म्हणून तिच्यात बदलण्यासारखंही काही नसतं.

नावांचं तसं नाही. २०१०मध्ये तिथं दर्शनी नावं आली. ती हवी तेव्हा बदलता येतात आणि दोघांना एकच घेता येतं. २०२०पासून पैसे भरून खातेनावही बदलता येऊ लागलं. नावांची यादी पाहून दार उघडणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट मग घरधन्यालाच बाहेर ठेवू लागल्या. दर्शनी नावावर चालणारं दार तर कुणाही तोतयाला आत घेईल. नाव फलकावर दाखवायला ठीक. यादीत की ठेवावी.

कीचेही नखरे आहेत. एलएसएलमध्ये की आणि साधा मजकूर हे वेगवेगळे प्रकार. नोटकार्डातून, म्हणजे तिथल्या मजकुराच्या चिठ्ठीतून, वाचलेली की मजकूर म्हणून येते. ती तशीच लिस्टमध्ये टाकली आणि समोरच्याची की त्यात शोधली, तर अक्षर न् अक्षर जुळत असूनही उत्तर येतं : उणे एक, म्हणजे सापडली नाही. दोन्हीकडे एकच प्रकार हवा. कुणी ए ते एफ ही अक्षरं कॅपिटलमध्ये लिहिली तरी जुळत नाही. नोटकार्डातल्या ओळीच्या शेवटी राहिलेली रिकामी जागा तर डोळ्यांना दिसतही नाही. आयएमओसारखा पडताळणीचा आकडा इथं नाही, त्यामुळे एक अक्षर चुकलं की दिसायला तितकीच खरी, पण भलतीच की तयार होते.

आणि की म्हणजे पासवर्ड नव्हे. ती कुणालाही मिळू शकते. ‘मी अमुक’ असं म्हणत चॅटमधून कुणी की पाठवली तर त्यानं काहीच सिद्ध होत नाही. बोलणाऱ्याची की सर्व्हर स्वतः स्क्रिप्टच्या हातात देतो. विश्वास तिच्यावर ठेवावा.

खरा विचार करावा लागतो तो वस्तूंच्या बाबतीत. अवताराची की जन्मभराची. वस्तूची मात्र ती जगात मांडली की मिळते. उचलून ठेवली आणि पुन्हा मांडली की नवी. मी तिथं एक छोटा भाऊचा धक्का केला आहे. मोऱ्याची आणि रेवसची लाँच बटण दाबलं की पाण्यावर येते, फेरी संपली की नाहीशी होते. लाँचची की धक्क्याच्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवणं निरर्थक, कारण पुढची मोरा लाँच ही वेगळीच लाँच. म्हणून ती पाण्यावर येते त्या क्षणी धक्क्याला जी की कळते तीच तो फेरीपुरती धरतो, आणि लाँचही आपल्याला कुणी मांडलं ते विचारून घेते. मोरा आणि रेवस एकाच वेळी सुटल्या तरी तिकिटं एकमेकींत मिसळत नाहीत.

लिस्ट मात्र साफ ठेवावी लागते. स्क्रिप्टला मेमरी ६४ केबीच. धक्का अधूनमधून प्रत्येक कीचे तपशील मागतो. लाँचच्या बाबतीत उत्तर रिकामं आलं तर ती नोंद खुशाल पुसतो, कारण धक्क्याच्या रीजनबाहेर, म्हणजे त्या जगाच्या तेवढ्या तुकड्याबाहेर, लाँच जातच नाहीत. धक्क्याची कामं बघणाऱ्यांच्या कीला हाच नियम लावला तर घोटाळा होईल. तिथंही उत्तर रिकामंच येतं, पण माणूस फक्त दुसऱ्या रीजनमध्ये असतो, किंवा ऑफलाइन. त्या यादीला मी स्क्रिप्टला हात लावू देत नाही. तिच्यातली की कुणीतरी सांगितल्यावर मीच काढतो.