धीराची तालीम

भीती माणसाला लाजवते. ताप आला तर तो चारचौघांत सांगतो, पण कारण नसताना जीव घाबरतो हे मात्र दडवून ठेवतो. बळाचं कौतुक असलेल्या आमच्या कराड तालुक्यात तर जास्तच. तारळी कृष्णेला मिळते त्या उंब्रजात समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक आहे. बलोपासनेच्या या मुलखात ‘मला भीती वाटते’ हे वाक्य ओठावर येत नाही.

नात्यातल्या एका वहिनीच्याही ओठावर ते फार उशिरा आलं. कराडच्या एसटीत बसलं की तिची छाती धडधडायची, हात गार पडायचे, श्वास घशाशी अडकायचा आणि ‘आता काही मी वाचत नाही’ असं वाटायचं. ईसीजी स्वच्छ. कुणी म्हणालं गॅस असेल, कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी सांगितलं, मनाला लावून घेऊ नको. हळूहळू कराड सुटलं, मग माहेरही.

तो दम आणि ती धडधड खोटी नसते. संकट ओळखणारी मेंदूतली यंत्रणा संकट नसतानाच जागी होते, अंगात अॅड्रेनलिन धावतं आणि शरीर पळायच्या तयारीला लागतं. घरातला वारसा, लहानपणीचे घाव, कर्ज, आजारपण, जागरणं यांतून हा आजार घडत जातो. कधी थायरॉइडचा दोषही अशीच धडधड देतो, म्हणून आधी तपासणी हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2019 मध्ये जगात 30 कोटींहून अधिक माणसं चिंताविकारानं ग्रासलेली होती, आणि उपचार मिळतात ते चौघांपैकी जेमतेम एकाला. इतक्या माणसांना भित्रं कसं म्हणायचं?

टाळलेली भीती वाढत जाते, कारण दर वेळी माघारी फिरल्यावर जी सुटका वाटते, तीच मनाला शिकवते की धोका खरा होता. उपचार हा धडा उलटा गिरवतात, अगदी तालमीसारखे. पहिल्याच दिवशी वस्ताद कुणाला मैदानात उतरवत नाही. वहिनी आधी नुसती स्टँडवर थांबली, मग तासवडे टोलनाक्यापर्यंत गेली, मग कराडला. धडधड वाढली तरी उतरायचं नाही. ती आपोआप ओसरते, हे अंगाला कळू द्यायचं. भीतीमागचा विचार तपासायची रीत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. गरज पडली तर डॉक्टर गोळ्याही देतात. नैराश्यावरच्या ज्या गोळ्या चिंतेवरही चालतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून त्या मनानं सोडायच्या नसतात. झोपेच्या गोळ्यांची मात्र सवय जडू शकते, म्हणून त्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

साताऱ्यात ‘परिवर्तन’ संस्था मनाच्या आरोग्यासाठी काम करते. ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस या फोनवरच्या मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांकही आहे. पण पहिली मदत घरातून यावी लागते. घाबरलेल्या माणसाला ‘घाबरू नकोस’ म्हटल्यानं काहीच हाती लागत नाही, कारण तो ते स्वतःला दिवसभर बजावतच असतो. त्यापेक्षा ‘तुला होतंय ते खरं आहे, डॉक्टरकडे मी सोबत येतो’ एवढं म्हणावं, आणि खरोखर सोबत जावं.