चंचीची नात

लुगड्याला खिसा नसतो. म्हणून आपल्याकडच्या बायकांनी खिशाची कामे निरनिराळ्या जागी वाटून दिली होती. नाणी कनवटीला, किल्ल्या कमरेला, खडीसाखरेचा खडा पदराच्या गाठीत आणि पान, सुपारी, चुना, लवंग ही सारी मंडळी चंचीत. चंची म्हणजे कप्प्याकप्प्यांची, गुंडाळून दोरीने बांधायची कापडी पिशवी. घरातल्या थोरल्या बाईच्या चंचीला दुसरे कोणी सहसा हात लावत नसे. सारे घर सामाईक असण्याच्या त्या काळात तेवढी वीतभर जागा तिच्या एकटीच्या मालकीची होती.

माझ्या आत्याला 84व्या वर्षी वॉकर घ्यावा लागला, तेव्हा मला या चंचीची आठवण झाली. वॉकरने तिला चालते केले खरे, पण तिचे दोन्ही हात त्याच्या दांड्यांत अडकले. चष्मा, जपाची माळ, रुमाल, औषधाची डबी, मोबाईल यांतले काहीही बरोबर न्यायचे, तर दुसऱ्याला हाक मारणे आले. बेळगावातले घर जुने, एकामागे एक खोल्यांचे. हाकेला कुणी ना कुणी धावून जाई, कुरकुर कोणीच करत नसे. तरीही काही दिवसांनी हाका कमी झाल्या. वर्तमानपत्र मांडीवर, चष्मा पलीकडच्या खोलीत आणि आत्या खिडकीबाहेर पाहत स्वस्थ बसलेली, असे दृश्य वरचेवर दिसू लागले. मागण्यापेक्षा न वाचणे तिने पत्करले होते. तिच्या वाढदिवसाला काय द्यावे, हे मग मला कुणी सांगावे लागले नाही. वॉकरला अडकवायची खिशांची पिशवी शिवायची, असे ठरवले.

कापड घरात होतेच. पुतण्याने दोन जीन्स गुडघ्यावर कापून त्यांच्या अर्ध्या विजारी केल्या होत्या आणि पायांचे तुकडे कपाटात पडून होते. तिसरी एक जीन्स मांडीवर पार विरली होती, पण तिचे खिसे धडधाकट होते. उरलेल्या कापडाची भेट द्यावी का, अशी शंका एखाद्याला येईल. पण आपल्याकडे नव्या बाळाचे पहिले दुपटे आजीच्या जुन्या लुगड्याचे असते आणि ते कोणी हलके मानत नाही. वापरून मऊ झालेले कापड अंगाला बरे, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

डेनिमचीही अशीच एक खुबी आहे. त्याचा ताणा निळा आणि बाणा पांढरा, वीण तिरकस. म्हणून ते बाहेरून निळे आणि आतून पांढुरके दिसते. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, वरवर बसते. जिथे घासेल तिथे आतला पांढरा धागा उघडा पडतो आणि वापरणाऱ्याच्या बसण्याउठण्याची नोंद कापडावर उमटते. या कापडाचे एक जुने चुलतभावंड आपल्याच बाजूचे आहे. जाडेभरडे कापड आणि त्याच्या कामकरी विजारी यांना इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात. तो शब्द मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावावरून गेला, असे कोशकार सांगतात.

जीन्सचा जन्मही खिशाशी बांधलेला आहे. अमेरिकेतल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका मजुराच्या बायकोने नवऱ्यासाठी न फाटणारी विजार मागितली, तेव्हा त्याने ताण पडणाऱ्या जागी, विशेषतः खिशांच्या कोपऱ्यांना, तांब्याचे रिबीट ठोकले, अशी हकीकत आहे. लेव्ही स्ट्रॉस या कापडाच्या व्यापाऱ्याबरोबर त्याने 20 मे 1873 रोजी या युक्तीचे पेटंट मिळवले. पुढच्या खिशाच्या आत जो चिमुकला खिसा असतो, तो मुळात साखळीच्या घड्याळासाठी होता. आत्याच्या औषधाची डबी त्यात नेमकी बसली.

शिवण्याआधी मी तिलाच विचारले, “आत्या, तुला काय काय जवळ लागतं?”

“अगं, मला काय आता शाळेत जायचंय? दप्तर कशाला?” असे म्हणून ती हसली. मग मात्र विचार करून एकेक सांगू लागली. चष्मा, माळ, रुमाल हे माझ्या यादीत होतेच. शेवटी हळूच म्हणाली, “एक बटणाचा खिसा कर. सुट्ट्या पैशांचा. फुलपुडीवाली सकाळी येते, तिचे पैसे मी माझ्या हातानं देईन.” हे कुणाच्या ध्यानात आले नसते.

मग वॉकरचा पुढचा आडवा दांडा मोजला. पिशवी 11 इंच रुंद, 9 इंच उंच आणि चपटी ठेवली. जड झाली तर वॉकर पुढे कलंडेल, लोंबली तर पायात येईल. म्हणून ती दांड्याला तीन पट्ट्यांनी घट्ट बसवली. आत्याची बोटे सांध्यांनी आखडलेली, त्यामुळे वेलक्रो ओढणे तिला जमले नसते. त्याऐवजी मोठी बटणे आणि सैल काजे. चष्म्याच्या खिशाला तिच्याच जुन्या सुती लुगड्याचे अस्तर लावले, कारण डेनिमच्या खरखरीत पाठीने काचेवर ओरखडे पडतात. यंत्राला 16 नंबरची सुई घातली. जिथे दुमडीवर दुमड येते, तिथे कापड आधी हातोडीने ठोकून चपटे केले आणि यंत्राचे चाक हाताने फिरवत एकेक टाका पुढे सरकवला.

पिशवी लागून आता आठ महिने झाले. आत्या रोज सकाळी वॉकर घेऊन दारापर्यंत जाते, पुडी घेते, पैसे मोजून देते. एखादे नाणे कमीजास्त झाले, तर दोघींचा थोडा वादही होतो. हाका पुन्हा सुरू झाल्या आहेत. पण आता त्या चहा गार होतोय, लवकर या, अशा असतात.

उरलेल्या तुकड्यांत आणखी एक पिशवी सहज होईल. शेजारच्या काकांनीही गेल्या महिन्यात वॉकर आणला आहे. त्यांना काय काय जवळ लागते, ते अजून विचारायचे आहे.