आवाज येतो, शब्द कळत नाही

चर्चमध्ये मागच्या बाकांवर बसणाऱ्या वयस्कर मंडळींची एक तक्रार ठरलेली असते. ‘आवाज येतो हो, पण शब्द कळत नाही.’ ध्वनिक्षेपकाची व्यवस्था पाहणारे ही तक्रार ऐकतात आणि आवाज वाढवतात. मग त्याच मंडळींच्या कानठळ्या बसतात, आणि शब्द तरीही कळत नाही. वास्तविक तक्रार अगदी अचूक असते. तिचा अर्थ लावण्यात गफलत होते. वसईच्या एका चर्चमध्ये शास्त्रवाचन करणाऱ्यांची तयारी करून घेण्यासाठी मला गेली काही वर्षे बोलावले जाते. तिथे बसून माझे मत असे झाले आहे की, हा प्रश्न विजेचा कमी आणि व्यंजनांचा अधिक आहे. मराठीच्या शिक्षकाने त्यात लक्ष घालायला हरकत नसावी.

आपल्या बोलण्यातला जोर स्वरांत असतो. अर्थाचा मोठा वाटा व्यंजनांकडे. ‘काट’, ‘काठ’, ‘खाट’, ‘घाट’ हे चार शब्द घ्या. चारही शब्दांतला ‘आ’ तोच, भरघोस आणि दूरवर जाणारा. भेद आहे तो क्षणभराच्या स्पर्शात आणि श्वासाच्या एका झोतात. स्वरांची बहुतेक शक्ती हजार हर्ट्झच्या खाली एकवटलेली असते. ‘स’, ‘श’, ‘छ’ यांसारखे ध्वनी ओळखू येतात ते दोन हजारांच्या वरच्या वारंवारतांमुळे, आणि तिथे शक्ती मुळातच तुटपुंजी. वय वाढते तसे कान प्रथम या वरच्या वारंवारतांनाच मुकतात. म्हणून आजोबांना ‘आ’ ऐकू येतो, ‘ठ’ येत नाही. नुसता आवाज वाढवला की आधीच दांडगा असलेला स्वर अधिक दांडगा होतो, इतकेच.

त्यात इमारतीची भर पडते. दगडी भिंती, उंच छत, फरशीची जमीन अशा वास्तूत एक अक्षर विरण्याआधी पुढची चार अक्षरे येऊन आदळतात. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात याला ‘निनाद’ म्हणतात. गायनाला तो शोभतो. कॅथलिक उपासना लॅटिनमध्ये चाले तोवर बहुतेक भाविकांना शब्द तसाही कळत नव्हता. त्या निनादातून लाभायचे ते गांभीर्य, आणि ते लाभत होते. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज संमत केला, लोकभाषांना वाट मोकळी झाली आणि वाचनाला उभे राहणारा माणूस आपल्याच गल्लीतला झाला. भाषा बदलली, भिंती त्याच राहिल्या. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी ओवी निवडली, याचे आपण वाङ्मयीन कौतुक करतो. मला त्यात एक श्राव्य शहाणपणही दिसते. ओवीचा चरण लहान. यमकाशी थांबायला जागा. त्या विसाव्यात दगडाला आधीचे शब्द विसरण्यापुरता अवकाश मिळतो. आज प्रशिक्षणात मी वाचकांकडून एवढेच करून घेतो. वाक्य तोडा, थांबा, भिंत गप्प झाली की पुढे जा.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास मुळात प्राध्यापकांच्याच अडचणीतून सुरू झाला, हे कळल्यावर मला मौज वाटली. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बांधले गेले आणि त्यात व्याख्यान कोणाला कळेना. वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे काम सोपवले गेले. रिकाम्या सभागृहात ध्वनी साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळत होता. तेवढ्यात वक्त्याची वीसेक अक्षरे बोलून होतात. सॅबिनने जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांवरच्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि गाद्यांगणिक निनाद किती घटतो ते मोजले. माणसे हीदेखील चांगल्या गाद्याच असतात. म्हणून दुपारी रिकाम्या सभागृहात घेतलेली माइकची चाचणी संध्याकाळच्या गर्दीला लागू पडत नाही.

चाचणीवरून आठवले. ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन, टू, थ्री’ या मंत्रात मराठीची एकही कठीण परीक्षा नाही. मी त्याऐवजी एक वाक्य करून ठेवले आहे: ‘फडक्यांच्या ढब्बू घोड्याला छकुलीने भाकरी खाऊ घातली.’ साउंडवाल्याला ते म्हणायला प्रथम लाज वाटली. पण एकोचे बटन चालू असेल तर छकुली आणि घोडा एकमेकांत मिसळतात, हे त्याच्याच ध्यानात आले. हे एकोचे बटन म्हणजे आपल्याकडची एक सार्वत्रिक हौस. गाण्यासाठी चालू करतात आणि प्रवचनालाही तसेच ठेवतात. निनादाने भरलेल्या वास्तूत वर विकतचा निनाद! ते आधी बंद करावे. मग बेस उतरवावा. वाढवण्यापेक्षा काढून टाकण्यानेच वाणी स्वच्छ होते.

आणि अंतर. माइक तोंडापासून चार बोटांवर होता तो वीतभर लांब नेला, तर आवाज सुमारे दहा डेसिबेलने घसरतो. सभागृहाचा निनाद मात्र तेवढाच राहतो. साउंडवाला पट्टी वर करतो, माइक शिट्टी मारतो. वाचक माइक लांब धरतात ते ‘फ’ आणि ‘भ’ धाडकन आदळतात म्हणून. त्याला उपाय माइक जवळच, पण ओठांच्या किंचित कडेला धरण्याचा.

शाळेच्या स्नेहसंमेलनात हे सारे अधिक करुण होते. निवेदन करणाऱ्या सरांच्या उंचीला लावलेल्या स्टँडखाली तिसरीतला मुलगा टाचा उंचावून कविता म्हणतो. स्टँड खाली घेण्याची पाच सेकंदे कार्यक्रमपत्रिकेत नसतात. समूहगीताला पाच माइक उघडे, त्यातला एक ढोलकीच्या तोंडाशी. आणि उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी तीन डेसिबेल अलीकडे येते. दोनच ठेवावेत, मुलांसमोर, आणि ढोलकी मागे बसवावी. तिला माइकची गरज कधीच नसते.

आवाज कसा येतोय, हे संयोजकांना विचारण्यात अर्थ नसतो. त्यांना मजकूर पाठ असतो आणि पाठ असलेला मजकूर कान स्वतःच पूर्ण करून घेतात. ‘छान येतोय,’ हे त्यांचे उत्तर प्रामाणिकच असते. शेवटच्या बाकावर ज्याने वाचन आधी पाहिलेले नाही असे कोणी बसवावे. आमच्याकडे सध्या हे काम सातवीतली एक मुलगी करते. ‘करिंथकरांस’मधला ‘थ’ तिच्यापर्यंत पोचला नाही की ती हात वर करते, आणि वाचक पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो.